वारीच्या वाटेवरचा एक पाय



वारी करून आलेल्या माणसास भाषणाला उभे केले की तो टाळमृदंग, रिंगण आणि वाखरीचा जनसागर यांचे वर्णन करणार, असे श्रोते गृहीतच धरून असतात. आम्ही आज केवळ एका पायाविषयी बोलणार आहोत. ज्यांचा तो पाय, ते आपल्या मंडळाचे जुने सभासद आज येथेच बसले आहेत, आणि त्यांच्या अनुमतीनेच हे सांगत आहोत. नाव सांगू नये, एवढीच त्यांची अट आहे.

२०२३ साली मारतहळ्ळीहून आम्ही सहा जण आळंदीस गेलो. तेथून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. पूर्वतयारी म्हणून दोन महिने पहाटे उठून कुंदलहळ्ळीपर्यंत चालून येत होतो आणि त्या बळावर आम्हांस मोठा आत्मविश्वास आला होता. तो पुणे ते सासवड या मजलेतच ओसरला. वारीतील ही सर्वांत दीर्घ मजल. तीतच दिवेघाटाची चढण. त्या वर्षी पाऊस लांबलेला, डांबर तापलेले, आणि गर्दीत आपल्या चालीने चालणे अशक्य. चालणाऱ्यांच्या लोंढ्याची चाल तीच आपली चाल.

सासवडला प्रत्येकाच्या तळव्यास फोड होते. आम्ही ते एकमेकांस दाखवले, हसलो, औषध लावले. आमच्या या ज्येष्ठ स्नेह्यांनी मात्र पायमोजे काढलेच नाहीत. विचारले तर म्हणाले, "मला काहीच दुखत नाही."

ते खोटे बोलत नव्हते, आणि भय नेमके तेथेच होते. त्यांना वीस वर्षांचा मधुमेह. या व्याधीत पायांतील संवेदना वाहणाऱ्या नसा हळूहळू निकामी होतात, रक्तपुरवठाही मंदावतो. निरोगी माणसास फोड दुखतो म्हणून तो थांबतो. मधुमेह्याचा पाय सूचना देत नाही, आणि माणूस जखमेवर चालत राहतो. जेजुरी झाली, वाल्हे झाले. नीरेच्या पात्रात माउलींच्या पादुकांना स्नान घातले जाते, तेव्हा आम्ही सारे पाण्यात उतरलो. ते काठावरच बसले. लोणंदच्या मुक्कामी मोज्यावर ओला डाग दिसला, तेव्हा आम्ही अक्षरशः बळजबरीने तो उतरवला. अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढी जखम होती आणि भोवताली लाली चढली होती.

वाटेवरील आरोग्य पथकातील तरुण डॉक्टरांनी जखम धुऊन बांधली, धनुर्वाताची सुई दिली आणि सांगितले, "आता एक पाऊलही चालायचे नाही." आमचे स्नेही बिथरले. त्यांच्या मातोश्रींनी आयुष्यभर पायी वारी केली होती. अखेरच्या वर्षांत त्या बेंगळूरुस मुलाकडे आल्या आणि वारी खुंटली. ती राहिलेली वाट आपण पायी पुरी करावी, हा त्यांचा संकल्प. "पाय गेला तरी चालेल," असे ते म्हणाले. दूरदेशी राहणाऱ्या मुलांच्या मनात आईवडिलांविषयी जे एक देणे साचून राहते, ते आपणांपैकी कोणास ठाऊक नाही? आम्हांस उत्तर सुचेना.

उत्तर दिले दिंडीतील एका आजींनी. डोईवरची तुळस खाली ठेवून त्या म्हणाल्या, "माउली सोता रथात बसून निघाल्यात. तुमी टरकात बसलात म्हून काय इटाळ होणार हाय?"

दुसऱ्या दिवशी ते दिंडीच्या ट्रकमध्ये, तंबूंच्या गाठोड्यांवर पाय उंच ठेवून बसले. ट्रक पुढे जाऊन मुक्काम मांडतो. तेथे त्यांना भाज्या निवडण्याचे काम मिळाले. आम्ही फलटण, नातेपुते, माळशिरस करीत थकून पोहोचावे, तो हे गृहस्थ पिठल्याची चव पाहत असत! जखम भरण्यास पुढे अडीच महिने लागले. आणखी दोन मुक्काम लपवली असती तर काय झाले असते, याचा विचार आम्ही आजही टाळतो.

पुढील वर्षी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. नवे बूट वारीत काढू नयेत. दोन महिने घालून मऊ झालेलेच न्यावेत. मोजे ओले झाले की बदलावेत. फोडाची कातडी सोलू नये, आणि फोडातून दोरा ओवून ठेवण्याचा जुना उपाय तर मुळीच करू नये. त्या दोऱ्यावाटे जंतू आत शिरतात. घोटा मुरगळल्यास पहिले दोन दिवस गरम तेलाने चोळणे टाळावे, थंड पट्ट्या ठेवून पाय उशीवर घ्यावा; चार पावलेही टाकवत नसतील तर हाडाचे छायाचित्र काढून घ्यावे. मधुमेह्यांनी रोज रात्री तळवे आरशात पाहावेत, किंबहुना दुसऱ्या कोणास दाखवावेत. स्वतःच्या पायाविषयी माणूस फारसा प्रामाणिक नसतो.

परतीची गाडी कुर्डुवाडीहून होती आणि हाताशी वेळ होता, म्हणून जवळच्या लऊळ गावी गेलो. तेथे संत कूर्मदासांचे स्थान आहे. कथा अशी की, हातपाय नसलेले कूर्मदास पैठणास भानुदासांचे कीर्तन ऐकून पंढरीस निघाले, भुईवरून सरपटत लऊळपर्यंत आले आणि तेथे अंगातील बळ सरले. पुढे जाणाऱ्या वारकऱ्यांहाती त्यांनी निरोप धाडला, आणि विठ्ठलच त्यांना भेटावयास लऊळास आला.

मंदिरात पादत्राणे काढून जावे लागते, आणि डॉक्टरांनी तर अनवाणी पाऊल टाकण्यास मनाई केलेली. आम्ही काही बोलण्यापूर्वीच आमचे स्नेही बाहेरच्या पायरीवर बसले आणि पिशवीतील तुळशीची माळ त्यांनी आमच्या हाती दिली. म्हणाले, "तुम्ही आत जा. मी येथेच आहे."