लाल दिवा आणि जोडीदार



कापड दुकानात वर्षअखेरीस मालाची मोजदाद होते, तेव्हा एकजण तागा मोजून आकडा पुकारतो व दुसरा तो वहीत नोंदवितो. पुकारणारा चुकला तर लिहिणारा त्याला टोकतो, लिहिणारा चुकला तर पुकारणारा टोकतो. त्यात कोणालाच कमीपणा वाटत नाही. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांतही अशीच एक रीत आहे. तिला 'पेअर प्रोग्रॅमिंग' म्हणतात. एकाच्या हाती कळफलक असतो, दुसरा शेजारी बसून चूक हेरतो व पुढचा विचार करतो. थोड्या थोड्या वेळाने दोघे जागा बदलतात.

कोडोली परिसराला संगणक नवा नाही. १९९८ साली वारणा खोऱ्यातील सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प येथेच सुरू झाला. शेजारी वारणानगरला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे शिकणाऱ्या मुलामुलींना जी विद्या सर्वांत अधिक चिडविते ती म्हणजे चाचणी-लेखन, अर्थात आज्ञावली बरोबर चालते की नाही हे तपासणारी दुसरी छोटी आज्ञावली लिहिणे.

बिलाचेच उदाहरण घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या एका नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असल्यास ५ टक्के आणि त्याहून अधिक असल्यास १८ टक्के जीएसटी लागतो. लिहिणाऱ्याने 'पर्यंत' ऐवजी 'पेक्षा कमी' असे लिहिले, तर नेमक्या २,५०० रुपयांच्या नगावर १२५ ऐवजी ४५० रुपये कर लागेल. चूक एका चिन्हाची, पण ३२५ रुपयांचा भुर्दंड ग्राहकाला आणि बदनामी दुकानाला! म्हणून २,४९९, २,५०० आणि २,५०१ या तिन्ही किमतींची चाचणी आधी लिहावी व मग आज्ञावली लिहावी, असे हे शास्त्र सांगते.

आज्ञावली अद्याप लिहिलेलीच नसल्याने चाचणी प्रथम नापास होते आणि पडद्यावर लाल रंग दिसतो. नवशिक्याला तो आपल्या बुद्धीवरचा शेरा वाटतो. वास्तविक तो लाल दिवा अपेक्षितच असतो. चाचणी खरोखर काही तपासते, याचा तो पुरावा होय. तेरीज जुळली नाही म्हणून मुनीम वही फाडत नाही. तो फरक शोधतो.

दुसरा ताप जोडीदाराचा. एक झरझर पुढे जातो, दुसरा मागे राहतो आणि 'समजले नाही' म्हणण्याची लाज वाटू लागते. मूळ दुखणे हेच आहे. लॉरी विल्यम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. जोडीने काम करताना श्रमाचे तास सुमारे १५ टक्क्यांनी वाढले, परंतु चुकाही सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. आणि आरंभी जोडीला एकमेकांशी जुळवून घेण्यास काही काळ द्यावा लागला. तेव्हा पहिल्या आठवड्यातील कुरबुर ही अपात्रतेची खूण मानू नये.

उपाय साधे आहेत. एका वेळी एकच लहान चाचणी लिहावी. पंधरा मिनिटांत वाट सापडली नाही तर उठून पाणी प्यावे व जागा बदलावी. वेगवान जोडीदाराने कळफलक सोडून केवळ प्रश्न विचारावेत. चूक सापडल्यावर 'तू चुकलास' न म्हणता 'ही ओळ चुकली' म्हणावे.

१९९७ साली केंट बेक व एरिक गामा हे झुरिकहून अटलांटाला विमानाने निघाले होते. त्या प्रवासात शेजारी-शेजारी बसून त्यांनी 'जेयुनिट' या चाचणी-साधनाचा पाया घातला. पुढे जगभरच्या प्रोग्रॅमरनी ते वापरले. ते साधनही दोघांनी मिळून, आधी चाचणी लिहूनच घडविले होते.

पालकांनी एवढेच करावे. मुलगी वा मुलगा रात्री चिडून संगणक मिटवील, तेव्हा 'जमत नसेल तर सोड' असे म्हणू नये. 'आज कोणती ओळ अडली?' असे विचारावे. उत्तर कळले नाही तरी चालेल. शेजारी कोणीतरी बसले आहे, एवढे त्यांना कळले पाहिजे.