गज, रियाज आणि पगार

(अकोल्यात झालेल्या स्त्रियांच्या एका मेळाव्यातील भाषणाचं शब्दांकन)



तुमच्या कार्यकर्त्यांनी मला विषय दिला, ‘संगीताला वाहिलेलं एक दीर्घ आयुष्य’. मी अमरावतीची, व्हायोलिन शिकवते. बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला शिकवण्या करायला येण्यात माझी बरीच वर्षं गेली, तेव्हा हा विषय मला देणं साहजिकच आहे. मी आज डॉ. एन. राजम यांच्याविषयी बोलणार आहे. पण आधी त्या ‘वाहिलेलं’ या शब्दाशी मला थोडं भांडायचं आहे. पुरुष कलावंताला आपण थोर म्हणतो, बाईला समर्पित म्हणतो. आणि बाई समर्पित आहे असं कुणी म्हटलं की मी लगेच विचारते, तिला पगार किती होता? तिच्या घरी पोळ्या कोण करत होतं?

व्हायोलिन कसं असतं ते तुमच्यापैकी अनेकींनी लांबूनच पाहिलं असेल. चार तारा, चार खुंट्या, मध्ये घोडी आणि हातात घोड्याच्या केसांचा गज. गजाला राळ घासल्याशिवाय आवाज निघत नाही. सतारीसारखे पडदे नाहीत, पेटीसारख्या पट्ट्या नाहीत. गंधार कुठे आहे हे बोटानं आणि कानानं शोधायचं, आणि केसभर सरकलं की बेसूर. पेटीवर पहिल्या दिवशी पोरगी सा वाजवते नि आईबाप खूश होतात. व्हायोलिनवर पहिले कित्येक महिने नुसतं दार करकरल्यासारखा आवाज. दोन खोल्यांचं घर असतं, भावाची दहावी असते, आजोबांची झोप असते. सगळ्यांच्या आधी कुणाचा रियाज बंद होतो हे मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणजे या वाद्याला तीन गोष्टी लागतात. कित्येक वर्षं, रोजचे काही तास, आणि दार लावून घेता येईल अशी जागा. या तिन्ही गोष्टी आपल्याकडच्या मुलीजवळ नसतात. बुद्धी असते, कान असतो, बोटं असतात.

आता राजमबाईंकडे येते. जन्म 1938 चा. घर दक्षिणेतलं, संगीताचं. वडील ए. नारायण अय्यर हे त्यांचे पहिले गुरू. थोरले भाऊ टी. एन. कृष्णन हे कर्नाटक संगीतातले मोठे व्हायोलिनवादक, 2020 साली गेले. अगदी लहानपणी मुलीच्या हातात व्हायोलिन आलं. दक्षिणेत ही गोष्ट तितकी नवलाची नव्हती, कारण हे परदेशी वाद्य तिथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बालुस्वामी दीक्षितर आणि वडिवेलु यांच्यासारख्यांनी आपलंसं केलं होतं. उभं राहून हनुवटीखाली धरायचं सोडून त्यांच्याकडे मांडी घालून बसतात नि व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवतात. आपल्या उत्तर हिंदुस्थानी वादकांनीही हीच बैठक घेतली. (पोरीला उभं राहून वाजवावं लागेल का, असं मला पुष्कळ आया काळजीनं विचारतात. नाही, बाई, बसूनच वाजवायचं.)

कर्नाटक संगीतात तयार झालेली ही मुलगी पुढे पंडित ओंकारनाथ ठाकूरांकडे शिकली. ओंकारनाथ गायक. त्यांच्याकडून तिनं गाणं घेतलं आणि ते व्हायोलिनवर उतरवलं. ख्यालाची सावकाश बढत, मींड, गळ्यातून निघावी तशी तान. यालाच गायकी अंग म्हणतात. आपल्याकडे गजाननराव जोशी (1911–1987) गातही होते आणि व्हायोलिनही वाजवत होते, डी. के. दातार (1932–2018) यांच्या व्हायोलिनमध्येही गाणं ऐकू येई. गायकी अंग पहिल्यांदा कुणी आणलं, यावर जाणकार मंडळी तासन्‌तास वाद घालतात, घालोत. मला त्यात रस नाही. मला रस आहे तो राजमबाईंच्या नोकरीत.

बनारस हिंदू विश्वविद्यालयात 1950 साली संगीताचं महाविद्यालय सुरू झालं, ओंकारनाथ त्याचे पहिले प्रमुख. त्याच विद्यापीठात राजमबाईंनी जवळजवळ चाळीस वर्षं शिकवलं. विभागप्रमुख झाल्या, पुढे संगीत-कला शाखेच्या अधिष्ठाता झाल्या. पद्मश्री 1984, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार 1990, पद्मभूषण 2004, अकादमीची रत्नसदस्यता 2012. सत्कारात ही यादी वाचतात नि टाळ्या पडतात. त्यात ‘चाळीस वर्षं’ हा शब्द कुणी थांबून ऐकत नाही. चाळीस वर्षं दर महिन्याला पगार, शिकवायला खोली, समोर विद्यार्थी, हुद्दा. साधना मोठी होतीच, त्याविषयी शंका नाही. पण तशीच साधना करू शकल्या असत्या अशा किती बाया मूर्तिजापुरात, दर्यापुरात, अचलपुरात पापड लाटत म्हाताऱ्या झाल्या, त्याची नोंद कोण ठेवणार?

आणखी एक उदाहरण, यात मराठी धागा आहे. व्ही. जी. जोग, मराठी माणूस, 1922 चा जन्म. आधी लखनौला शिकवलं, पुढे कोलकात्याला राहिले, तिथेच 2004 साली गेले. त्यांच्या शिष्या शिशिरकणा धर चौधुरी. पुढे त्या अली अकबर खाँसाहेबांकडेही शिकल्या आणि कोलकात्याच्या रवींद्र भारती विद्यापीठात वाद्यसंगीत विभागाच्या प्रमुख झाल्या. 2021 साली गेल्या. इथेही पुन्हा गुरू आहे, रियाज आहे आणि नोकरी आहे. दोघींच्या बाबतीत हे जुळून आलं, हा मला योगायोग वाटत नाही.

पैशाचा विषय काढला की संगीतातल्या लोकांना अवघडल्यासारखं होतं. बायांच्या बाबतीत तर जास्तच, आणि त्याला इतिहास आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गाण्यावर पोट भरणारी बाई म्हणजे कलावंतीण, नायकीण, असं ठरलेलं होतं. त्या बायांजवळ विद्या होती, ती अनेक उस्तादांनी आणि बुवांनी नावाजली, पण समाजानं त्यांना दारात उभं केलं नाही. मग विष्णु दिगंबरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, शाळा निघाल्या, परीक्षा आल्या, आणि ‘चांगल्या घरच्या’ मुली गाणं शिकू लागल्या. हे मोठं काम झालं, मी त्याच वाटेनं आले. पण त्यात एक न लिहिलेली अट होती. चांगल्या घरच्या मुलीनं गाणं शिकावं, कमवू नये. कमवलं की ती ‘तसली’. अजून ही अट पुरती गेलेली नाही.

ती मोडणाऱ्यांत हिराबाई बडोदेकर होत्या. त्यांच्या आई ताराबाई माने 1922 साली अब्दुल करीम खाँसाहेबांना सोडून पाच मुलांसह बाहेर पडल्या. त्या घरात गाणं हा छंद असणं परवडणारंच नव्हतं. हिराबाईंनी बायकांमध्ये पहिल्यांदा तिकीट लावून, पुरुष गवयांसारखी रीतसर बैठक मांडून जलसे केले. तिकीट लावणं म्हणजे माझ्या कामाला किंमत आहे असं जाहीर सांगणं. मला हिराबाईंच्या सुरांइतकंच त्या तिकिटाचंही कौतुक आहे.

साथीची गोष्टही सांगते. तंबोऱ्यावर मागे बसायला बाई चालते, पुढे बसायला चालत नाही, हे आपण पाहतोच. दक्षिणेत पालघाट मणि अय्यर हे मृदंगाचे फार मोठे कलावंत; ते अनेक वर्षं गायिकांना साथच करत नसत. पुढे डी. के. पट्टम्माळ यांच्यासाठी त्यांनी हा नेम सोडला. व्हायोलिन तर तिकडे मुख्यतः साथीचं वाद्य. तरी मद्रासच्या संगीत अकादमीचा ‘संगीत कलानिधी’ हा मान पहिल्यांदा एका स्त्री व्हायोलिनवादकाला, ए. कन्याकुमारी यांना, मिळायला 2016 साल उजाडावं लागलं.

आपल्या वऱ्हाडात काय आहे? खंजिरी आहे. तुकडोजी महाराजांच्या मोझरीनं गावोगाव भजनी मंडळं दिली, त्यात बायांचीही आहेत, आणि त्या काय ठेक्यात वाजवतात! पण पेटीवर बहुतेक वेळा गावातले एखादे भाऊ बसलेले असतात. व्हायोलिन शिकायला येतात त्या शहरातल्या मुली, आणि त्या येतात परीक्षेसाठी. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा. मध्यमेच्या आसपास पोरगी अठरा-एकोणीस वर्षांची होते, विशारद समोर दिसत असते, आणि स्थळं यायला लागतात. एक आई मला म्हणाली होती, “बाई, पोरीच्या बोटाले घट्टे पडून राहिले, पाहुण्याईले काय सांगू मी?” ती माउली वाईट नव्हती. तिला तिचा बाजार ठाऊक होता. मध्यमेचं प्रमाणपत्र त्या बाजारात चालत होतं, घट्टे चालत नव्हते.

लग्न होऊन गेलेल्या मुली कधी भेटल्या की ‘वाजवतेस का गं?’ असं मी विचारत नाही. ‘व्हायोलिन कुठे आहे?’ असं विचारते. माळ्यावर, हे उत्तर ठरलेलं. वऱ्हाडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर दोन मे महिने काढले की व्हायोलिनचे सांधे सुटतात, खुंट्या सैल होतात, घोडी पडते. पावसाळ्यात त्याच खुंट्या फुगून बसतात. वापरातलं वाद्य रोज हात फिरल्यानं टिकतं.

ज्या मुली टिकल्या, त्यांचं पुढे काय? महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायचं, सुट्टीत पैसे नाहीत, पुढच्या वर्षी घेतील का ठाऊक नाही. शाळेत संगीत शिक्षकाची जागा असली तर रिकामी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असेल तर कलेसाठी निदेशक आहे, पण तो अर्धवेळ. बाकीच्यांना घरच्या शिकवण्या. फी मागायची लाज वाटते, कारण ‘विद्यादान’ ना! मी स्वतः महिन्याच्या एक तारखेला फी मागते. ओळखीच्या घरी वाढदिवसाला ‘जरा वाजवून दाखवा’ म्हणतात, तेव्हाही मानधन विचारते. पाठीमागे बोलतात, बोलू देत. तबलजींना पाकीट मिळतं ते मी पाहिलेलं असतं.

राजमबाईंच्या घरात पुढची पिढी उभी राहिली. कन्या संगीता शंकर, नाती रागिणी आणि नंदिनी, सगळ्या व्हायोलिनवादक. भाची कला रामनाथ यांचं नावही जगभर झालं. आजी, आई आणि नाती एका मंचावर वाजवतात तेव्हा लोक रक्ताचा वारसा म्हणतात. मला त्यात वेगळंच दिसतं. त्या घरात मुलीचा रियाज हे घरातलं काम धरलं जात असणार. स्वयंपाकासारखं, अभ्यासासारखं. त्यासाठी वेळ मागावा लागत नसेल. रक्तापेक्षा ही सवय महत्त्वाची, आणि ती व्हायोलिनवाल्यांच्या घरात जन्म न घेताही लावून घेता येते. पांढरकवड्याचे उल्हास कशाळकर गजाननरावांकडे जाऊन शिकले आणि केवढे गवई झाले. वऱ्हाडातला मुलगा घर सोडून गुरूकडे राहू शकला. त्याच वयाच्या, त्याच गावच्या मुलीला कुणी पाठवलं असतं का, हे तुम्ही आपसात बोला.

शेवटी कामाचं बोलते. तुमच्या मंडळाजवळ इथे एक खोली आहे, दुपारी बारा ते चार ती बंद असते, असं मला कळलं. ती मुलींना आणि बायांना रियाजासाठी उघडी ठेवा. वाद्य कुठलंही असो, शिकवायला मी आहेच असं नाही, नुसतं दार लावून वाजवता आलं पाहिजे. माझ्याकडे एक अर्ध्या मापाचं आणि एक पाऊण मापाचं व्हायोलिन पडून आहे, लहान मुलींना चालतं, ते मी आणून देईन. ज्यांची व्हायोलिनं माळ्यावर आहेत त्यांनी ती खाली काढावीत. सांधा सुटला असेल तर घरी फेविकॉल लावू नका, माझ्याकडे पाठवा, मी बसवून देईन. त्याचे पैसे मात्र घेईन.