अचौर्य आणि शास्त्रदान



बेलापूर परिसरात शिकणारी आपली अनेक मुले आज क्रमिक पुस्तके दुकानातून न घेता मोबाईलवर मिळवितात. टेलिग्रामच्या एखाद्या चॅनेलवर संपूर्ण ग्रंथ पीडीएफच्या रूपाने फुकट मिळतो. "आम्ही चोरले नाही, केवळ उतरवून घेतले," असे मुले म्हणतात.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. आम्हां कापड व्यापाऱ्यांना त्यांतील खोट्या मापाचा अतिचार चटकन आठवतो. परंतु 'तदाहृतादान', म्हणजे दुसऱ्याने चोरून आणलेली वस्तू घेणे, हाही त्यांतीलच एक आहे.

यात हानी लेखकाची होते. स्पर्धा परीक्षांची पुस्तके लिहिणाऱ्या दिल्लीच्या शिक्षिका नीतू सिंह यांना त्यासाठी न्यायालयात जावे लागले. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशा चॅनेलचालकांची माहिती देण्याचा आदेश टेलिग्रामला दिला.

मात्र कायदा विद्यार्थ्यांचा वैरी नाही. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात याच न्यायालयाने २०१६ साली अध्यापनासाठी आवश्यक तेवढ्या मजकुराच्या प्रती काढण्यास मुभा असल्याचे मान्य केले. खरगपूर आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही विद्यार्थ्यांसाठी खुले आहे.

तरीही महागडे ग्रंथ उरतातच. तेथे नुसता उपदेश करून हात झटकणे आपणांस शोभणार नाही. चार दानांत शास्त्रदान आहे. वर्षअखेरीस घरोघरी पडून राहणारी पुस्तके पुस्तकपेढीत आली, तर एकाच प्रतीवर अनेक मुले शिकतील, आणि त्यास कायद्याची आडकाठी नाही. अचौर्य मुलांनी पाळावे. ते पाळणे त्यांना सुकर करावे, हे आपले कर्तव्य होय.

जय जिनेंद्र!