समेट आणि समुपदेशन

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षकाने पालकांपुढे मुलांच्या अभ्यासाविषयी बोलावे, असा रिवाज आहे. आज मी घरातील मारहाणीविषयी बोलणार आहे. आपल्याला हा विषय शाळेबाहेरचा वाटेल. पण रात्री आईला मार खाताना पाहिलेले मूल सकाळी वर्गात येते तेव्हा दप्तर आणि डबा बरोबर असतो, लक्ष मात्र घरीच राहिलेले असते. माझ्या वर्गातील एक मुलगा मधल्या सुटीत घरी पळत जाई. आई ठीक आहे ना, एवढे पाहून धापा टाकीत परत येई. अशा मुलाला गणित शिकवणे म्हणजे काय, हे शिक्षकांना विचारा.

हे दुःख एका जातीचे वा एका धर्माचे नाही. २०१९-२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. म्हणजे शंभरांत एकोणतीस. न सांगणाऱ्या किती असतील, त्याची मोजदाद कोण करणार?

आता आपण काय करतो ते पाहू. नवरा-बायकोचे बिनसले की दोन्ही घरची चार वडीलधारी माणसे बसतात. दोघांना समोर बोलावतात. त्याला दटावतात, तिला समजावतात, मुलांकडे पाहून संसार कर म्हणतात, चहा होतो आणि समेट होतो. या मंडळींचा हेतू चांगला असतो याबद्दल मला शंका नाही. पण आपणच विचार करा. ज्याच्या हातचा मार खाल्ला त्याच्या देखत, सासऱ्यासमोर, चार पुरुषांत ती खरे किती बोलेल? आणि बोललीच, तर त्या रात्री घरी गेल्यावर तिचे काय होईल? आपण समेट घडवला असे आपल्याला वाटते. तिने मात्र नुसती मान हलवलेली असते.

मग नवरा-बायकोला एकत्र बसवूच नये काय? या प्रश्नावर अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात सँड्रा स्टिथ, कॅरेन रोझेन आणि एरिक मॅककोलम या अभ्यासकांनी मोठे काम केले. ज्या घरांत मारहाण झाली आहे, पण दोघांनाही एकत्र राहायचे आहे, अशा जोडप्यांसाठी त्यांनी अठरा आठवड्यांचा कार्यक्रम आखला. त्याची रचना आपण नीट समजून घेण्यासारखी आहे.

प्रथम दोघांना वेगवेगळे विचारतात. तिला भीती वाटते काय? ती स्वतःच्या इच्छेने आली आहे काय? गंभीर दुखापतीपर्यंत गेलेल्या जोडप्यांना या कार्यक्रमात घेतच नाहीत. हात उगारणार नाही, असे वचन दिल्यावाचून प्रवेश नाही. पहिले सहा आठवडे पुरुषांचा गट वेगळा, स्त्रियांचा वेगळा. राग चढू लागला की तो ओळखावा कसा, दोघांनी आधी ठरवलेली खूण करून बाजूला कसे व्हावे आणि शांत झाल्यावर परत येऊन बोलणे कसे पुरे करावे, हे तेथे शिकवतात. पुढील बारा आठवडे जोडपी एकत्र बसतात. तेव्हाही प्रत्येक बैठकीच्या आधी आणि नंतर स्त्रियांशी व पुरुषांशी वेगळे बोलणे होतेच. बैठकीत निघालेल्या एखाद्या शब्दाचा घरी सूड उगवला जाऊ नये, यासाठी ही काळजी.

२००४ साली त्यांनी या कामाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. कार्यक्रमानंतर सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा, अनेक जोडप्यांच्या गटात बसलेल्या पुरुषांपैकी २५ टक्क्यांनी पुन्हा हिंसा केली होती. एकेका जोडप्याला स्वतंत्र सल्ला दिला तेथे हे प्रमाण ४३ टक्के होते, आणि असा कोणताच सल्ला न मिळालेल्यांत ६६ टक्के. जोडप्यांची संख्या लहान होती. अवघी ४२ जोडपी आणि तुलनेसाठी ९. त्यामुळे हे आकडे म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. शिवाय चांगल्यातल्या चांगल्या गटातही चारांतला एक पुन्हा घसरला, हेही विसरता कामा नये. पण दिशा कळते.

गटाने असे काय साधते? माझ्या मते उत्तर साधे आहे. "तिनेच मला डिवचले" ही सबब आपल्या तोंडून निघते तेव्हा ती खरी वाटते. तीच सबब दुसरा पुरुष सांगू लागला की तिचा पोकळपणा ऐकू येतो. आणि हे आपल्याच वाट्याला आले असे समजून वर्षानुवर्षे गप्प बसलेल्या बाईला समोर दुसरी तशीच बाई दिसते. वर्गात मुले जितकी मास्तरांकडून शिकतात, तितकीच शेजारच्या बाकावरून शिकतात. मोठ्यांचेही तसेच आहे.

ही परदेशातील गोष्ट झाली. पण आपल्या देशाचा कायदाही याच वाटेने जातो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. त्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ, मानसिक छळ, लैंगिक छळ आणि पैशाची कोंडी हेही येते. दंडाधिकारी दोघांना एकत्र किंवा वेगळे समुपदेशनास पाठवू शकतात. त्याचे नियम पाहा. समुपदेशक शक्यतो स्त्री असावी. ती व्यक्ती कोणत्याही पक्षाची नातेवाईक नसावी. हिंसा का केली याचे समर्थन नवऱ्याला त्या बैठकीत करता येत नाही. आणि तडजोडीची बोलणी व्हायची ती तिची इच्छा असेल तरच. आपल्या चार माणसांच्या बैठकीशी हे ताडून पाहा म्हणजे फरक ध्यानात येईल.

कोणी म्हणेल, घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला? मी विचारतो, शेजाऱ्यांना भिंतीपलीकडून ऐकू येते, मुलांना डोळ्यांनी दिसते, मग ती गुप्त राहिली कोणापासून? फक्त मदत करू शकणाऱ्यांपासून! आपल्या महाराष्ट्रात मदत करणारी माणसे आहेत. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उभे राहिले, कारण पोलिसांकडे न जाणारी बाई जखम घेऊन दवाखान्यात तरी येते. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे. भगिनींनो, तो पाठ करून ठेवा.

वडीलधाऱ्यांना माझी विनंती एवढीच. आपला मान आणि आपला शब्द समाजाला हवा आहे. पण क्रम बदला. आधी तिचे म्हणणे एकटीचे ऐका, आणि ते एखाद्या जाणत्या स्त्रीला ऐकू द्या. तू काय केलेस म्हणून त्याने मारले, हा प्रश्न विचारूच नका. जीवाला धोका दिसला तर समेटाचा शब्दही न काढता तिला सुरक्षित जागी पोहोचवा. समेट झालाच, तर आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा विचारपूस करा, तीही एकटीला गाठून.

आणि विश्वस्तांना विनंती अशी की, आपल्या शाळेची एक खोली महिन्यातून एका दुपारी प्रशिक्षित समुपदेशक भगिनीसाठी मोकळी ठेवावी. पालकसभेसाठी म्हणून आई शाळेत येते, तेव्हा तिला कोणी अडवत नाही. ज्या दारातून मूल शिकायला येते, त्याच दारातून तिलाही आधार मिळावा.