कापूस घरात, हिशेब पोटात
(जिल्हा बैठकीतील भाषण)



भाव आणि कर्ज यांवर बोलायला आज दुसरे वक्ते आहेत. मी घरातल्या एका गोष्टीवर बोलणार आहे. ती म्हणजे आशा. कृषी पदवीच्या चार वर्षांत तिच्यावर एक तास झाला नाही, पण कोरडवाहू शेती तिच्यावाचून एक हंगामही चालत नाही.

२०२१-२२ ला कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला. पुढच्या हंगामात आपण सगळ्यांनी तोच आकडा मनात धरला. लांब धाग्याचा हमीभाव होता ६,३८० रुपये. बाजार त्याच्या वर होता, तरी कापूस घरात भरला. थांबण्यात चूक नव्हती. सगळ्यांचा माल एकदम आला की भाव पडतो, हे मीच सांगत आलो. पण मार्च गेला, एप्रिल गेला, भाव वर सरकेना. घरात आढ्यापर्यंत कापूस, निजायला ओसरी, पोरांच्या अंगाला खाज.

त्या उन्हाळ्यात एका घरी मुक्काम पडला. गाव सांगत नाही. जेवताना नवरा-बायकोत एक शब्द नाही. रात्री खाटेवर गृहस्थ बोलले. बँकेचं पीककर्ज, कृषी केंद्राची उधारी, आणि एका सावकाराची रक्कम. ही तिसरी घरात कुणाला ठाऊक नव्हती. "तिला कशाला सांगू? झुरणीला लागंल. दहा हजार झाले की एका दमात फेडतो."

या 'एका दमात'ने घरातलं बोलणं बंद केलं होतं. भाव त्यांच्या हातात नव्हता. सांगणं हातात होतं, ते राहिलं.

सकाळी कागद काढायला लावला. तिन्ही आकडे बाईंसमोर वाचले. त्या म्हणाल्या, "येवढंच व्हय? मले वाटलं, वावर गहाण टाकलं तुमी." चार महिने त्या माउलीने मनात याहून मोठं कर्ज वागवलं होतं! मग त्यांनीच ठरवलं: अर्धा कापूस याच आठवड्यात विकायचा, सावकार मिटवायचा, एक एकर कपाशी कमी करून ज्वारी घ्यायची. भाकरी आणि बैलाला कडबा तरी घरचा. उरलेल्या कापसाला भाव आला नाही. त्यात तोटाच झाला. पण जूनमध्ये बियाणं आणायला दोघं मिळून गेली.

ज्वारीचं घरचं बियाणं पेरण्याआधी आपण काय करतो? शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो, किती उगवले ते मोजतो. साठच उगवले तर जरा दाट पेरतो. आशेची अशी मोजणी घरात दोघांनी बसून करावी, ही माझी विनंती.

आता कुणी म्हणेल, शेतकऱ्याचं मनच कमकुवत. हे मी मान्य करत नाही. धोरणाने भाव पाडायचा आणि मग धीर द्यायला समुपदेशक पाठवायचा, हा उलटा न्याय आहे. भावाची लढाई सुटत नाही. पण "यंदा भाव येणारच" असं व्यासपीठावरून मीही बोललो आहे, आणि त्या भरवशावर कुणी कापूस ठेवला असेल तर तो दोष माझा. यापुढे बोलणार नाही.

आणखी एक. कुणाची झोप उडाली, जेवण तुटलं, "माझ्यामागं पोरांकडे पाहा" अशी भाषा तोंडात आली, तर हिशेबासाठी थांबू नका. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरकडे न्या. १४४१६ हा सरकारचा मोफत फोन रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. नंबर दाराच्या चौकटीवर लिहून ठेवा.

आज बरेच जण एकटे आले आहेत. पुढच्या बैठकीला मालकिणीला घेऊन या, आणि कर्जाचा कागद येण्याआधी घरी वाचून या.