संपवून टाक म्हणजे कुणी?

(संक्रांतीच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. मला केकची सवय आहे. तेव्हा केकच्या सामानाबद्दलच बोलते.

आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या ज्या आहेत त्यांना मे महिन्यातली बेकरी आठवत असेल. घरी ओव्हन कुणाकडे होता? आई मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा घरून मोजून न्यायची. बेकरीच्या ओट्यावर बसून नानकटाईचं पीठ फेसायचं, गोळे करून पत्र्यावर मांडायचे, भट्टीतून बाहेर आले की मोजून डब्यात भरायचे. आम्ही पोरं रांगेत डबा धरून उभी. निघताना आई बेकरीवाल्याला किलोवर पैसे द्यायची. ती भाजणावळ. परवा सहज मनात आलं, आपल्या भाषेत कामाच्या मोलाला किती शब्द आहेत बघा. दळणावळ, शिवणावळ, घडणावळ, भाजणावळ. गिरणीवाला, शिंपी, सोनार, बेकरीवाला, सगळ्यांची सोय आहे. पण आईनं तासभर हात दुखेपर्यंत जे पीठ फेसलं, त्याची 'आवळ' मी कधी ऐकली नाही. रांधणावळ कुणाच्या घरी कुणी दिलेली ऐकली आहे का?

आता माझी गोष्ट. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, बेकऱ्या बंद. त्या दिवसांत घरोघरी केक सुरू झाले, तसे माझ्याकडेही झाले. शेजारच्या मुलाच्या वाढदिवसाला केला, तो आवडला, मग दुसरीनं सांगितला, तिसरीनं. बचत गटातून ८,००० रुपये कर्ज काढून ओव्हन घेतला. कर्ज फिटलं. घरात माझ्या नावाचे पैसे येऊ लागले. नातेवाइकांचे केक मात्र फुकट, कारण 'तू काय, करतेसच.' गेल्या मे महिन्यात सासूबाई अर्धांगवायूनं पडल्या आणि एका दिवसात ऑर्डरी बंद झाल्या. कुणी बंद कर म्हणालं नाही, तसा विचारच कुणी केला नाही. बंद होणार ते माझंच, हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. मीसुद्धा.

दिवाळीच्या साफसफाईत वरचं कपाट काढलं. तीन किलो मैदा, कोकोचा मोठा डबा, कस्टर्ड पावडरचे दोन डबे, दूध पावडर, टुटीफ्रुटी, पिठीसाखर, बेकिंग पावडर, खाण्याचा सोडा, यीस्टची पाकिटं, इसेन्सच्या अर्ध्या बाटल्या, चॉकलेटच्या दोन लाद्या. मी फरशीवर बसून बघत राहिले. आमचे हे म्हणाले, ''वाया नको घालवू, संपवून टाक.''

चांगलंच बोलले ते. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. का, ते सांगते. ऑर्डरचा केक सपाट लागतो. फुगलेला वरचा भाग कापून काढावा लागतो. कडा करपली तर तीही. ते टाकवत नाही. मुलाला तुकडे नकोत, ह्यांना गोड चालत नाही, सासूबाईंना दात नाहीत. मग ओट्याशी उभं राहून ते तुकडे म्हणजे माझं दुपारचं जेवण. पाच वर्षं. मागच्या वर्षी रक्त तपासलं तर डॉक्टरांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचं सांगितलं. घरी सगळ्यांनी सल्ला दिला, जिभेवर ताबा ठेव. जिभेचा काय संबंध होता हो? शिळी भाकरी, उरलेली आमटी, तळाची खरवड, सगळं बाईच्या पोटात जातं आणि त्याला काटकसर म्हणतात. 'संपवून टाक' या वाक्यात कर्ता नसतो. पण तो कोण हे घरात प्रत्येकाला माहीत असतं.

तरीही सामान फेकणं मला पटलं नाही. ते माझ्या कमाईतून आणलेलं होतं. म्हणून आपल्या गटातल्या तिघींना बोलावलं. एक वही ठेवली आणि चौघींनी ठरवलं, जे करायचं ते हिशोबानं, आणि जे होईल त्यातलं आपण 'उरलं म्हणून' काहीही खायचं नाही. भूक असेल, आवडत असेल तर बसून, ताटलीत घेऊन खायचं.

आधी पारख. बऱ्याच जणी डब्यावरची तारीख बघून फेकतात किंवा अजिबात न बघता वापरतात. तारीख बघाच, पण सामानालाही विचारा. गरम पाण्यात चमचाभर बेकिंग पावडर टाकायची. फसफसली तर जिवंत. तिच्यात सोडा आणि कोरडं आम्ल एकत्रच असतं, त्यामुळे दमट हवेत ती डब्यातल्या डब्यात संपून जाते. आमची गेलेली होती. नुसता सोडा टिकाऊ. त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळून बघायचे. यीस्टसाठी कोमट पाणी, चिमूटभर साखर, दहा मिनिटं. फेस आला नाही. पाकिटं फेकली. मैद्याच्या एका पिशवीत जाळी धरली होती, ती चाळून वापरू म्हणणाऱ्या मैत्रिणीला आम्ही थांबवलं. टाकायचं ते टाकायचं, त्याची लाज वाटून घ्यायची नाही. चॉकलेट पांढरट पडलं होतं, पण ती बुरशी नव्हती. गरम-गार होऊन त्यातली चरबी वर येते. वास खवट नसेल तर खुशाल वितळवा.

मग कामाला लागलो. कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लोअर, त्यात रंग आणि वास. नानकटाईत मैद्याचा चौथा हिस्सा काढून तेवढी ती घातली, खुसखुशीत झाली. कोको, दूध पावडर आणि साखरेच्या पाकाच्या वड्या पाडल्या, चॉकलेट वितळवून वर ओतलं. टुटीफ्रुटी रव्याच्या केकमध्ये. हा केक ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी करावा: दोन वाट्या रवा, एक वाटी दही, एक वाटी दूध, एक वाटी साखर, अर्धी वाटी तेल, अर्धा तास भिजत ठेवायचं. अगदी शेवटी अर्धा चमचा सोडा. दह्याच्या आंबटपणानं तो फुलतो, म्हणून बेकिंग पावडर मेली तरी अडत नाही, पण घातल्यावर रेंगाळायचं नाही. कुकरच्या तळाला मीठ, पाणी नाही, झाकणाचं रबर आणि शिट्टी काढून ठेवलेली, मंद आच, चाळीसेक मिनिटं. मेलेली बेकिंग पावडर टाकून दिली. शिळा सोडा असेल तर मोरी घासायला चालतो. ते काम मुलाला दिलं. कुरकुर केली, पण घासली.

संध्याकाळी वही उघडली. बिलं जपून ठेवली होती म्हणून कळलं, सामान सुमारे १,८०० रुपयांचं. त्यापुढे वेळेचा रकाना. चौघींचे मिळून १४ तास. आणि तिथे आम्ही अडलो. माझ्या पाच वर्षांच्या जुन्या वहीत तो रकानाच नव्हता! मैदा, लोणी, वीज, खोका सगळं लिहिलेलं. पाचशे रुपयांच्या केकवर दीडशे सुटतात म्हणून मी खूश असायचे. त्या दीडशेत माझे चार तास होते.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आलं आहे की घरच्यांसाठीचं बिनपगारी घरकाम करताना बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते, पुरुष ८८. मोजलं की दिसतं. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, तेव्हापासून लिज्जतच्या बहिणी पापडामागे 'वणई' घेतात. वणई म्हणजे लाटण्याचा दर, किलोवर. लाटणं हे काम आहे आणि त्याला दर आहे, एवढं त्यांनी पहिल्यापासून मानलं.

आमचा दर काय धरायचा यावर चौघींचं भांडण झालं. एक म्हणाली, ताशी पन्नास धर, म्हणजे ७०० होतात. दुसरी म्हणाली, घरकामाला येणाऱ्या ताईंना आपण काय देतो ते आधी सांग, मग आपला दर ठरवू. त्यावर सगळ्या गप्प झाल्या. तो प्रश्न मी इथे घेऊन आले आहे, कारण आम्हाला तो सुटलेला नाही. आमच्या गटातली एक अजून ऑर्डरी घेते, तिनं वेळेचा रकाना सुरू केला आणि केकमागे शंभर रुपये वाढवले. दोन गिऱ्हाइकं तुटली. बाकीची आहेत.

मी ऑर्डरी परत घ्यायला लागले नाही. सासूबाईंचं दुपारचं करायला दोन दिवस ह्यांनी आणि एक दिवस मुलानं असं ठरलं आहे, ते नीट चालू लागलं तर मार्चपासून घेईन. कोको अजून अर्धा डबा आहे.

बाहेर रव्याचा केक आणि तिळाच्या वड्या ठेवल्या आहेत. कागदाच्या बश्या आहेत, खुर्च्याही मांडल्या आहेत. ताशी दराचं बोलणं तिथे बसूनच करू.