आपल्या हातची खोपी

माणसाला एक वय असे येते की घर भरलेले असते, माणसे प्रेमाची असतात, तक्रारीला जागा नसते आणि तरीही मनात येते, आपल्याला बसायला एक कोपरा हवा. दार लोटून घ्यावे आणि कोणी हाक मारू नये. हा काही वैराग्याचा झटका नव्हे. वैराग्य आलेला माणूस घर सोडतो. आपल्याला तर जेवायच्या वेळी परत यायचे असते! तेव्हा आज आपल्याशी बोलायचे आहे ते हिमालयातल्या गुहेविषयी नव्हे, परसात किंवा शेताच्या बांधावर उभारायच्या लहानशा खोपीविषयी. अट एकच, ती स्वतःच्या हातांनी उभारायची.

या बाबतीत अमेरिकेतल्या हेन्री डेव्हिड थोरोचे नाव सगळेच घेतात. १८४५ च्या मार्चअखेरीस हा गृहस्थ एक उसनी कुऱ्हाड घेऊन कॉंकर्ड गावाजवळच्या वॉल्डन तळ्याकाठी गेला. जमीन त्याचे स्नेही इमर्सन यांची. पाइनची झाडे तोडून त्याने वासे तासले. फळ्या मात्र नव्या घेतल्या नाहीत. रेल्वेवर कामाला असलेल्या एका आयरिश मजुराची झोपडी त्याने सव्वाचार डॉलरला विकत घेतली, ती मोडली आणि तिच्या फळ्या उन्हात वाळत घातल्या. खिडक्या जुन्या, विटा जुन्या. मे महिन्यात सांगाडा उभा करायला ओळखीची मंडळी आली आणि ४ जुलैला स्वारी राहायला गेली. घर पंधरा फूट लांब, दहा फूट रुंद. एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट! अर्धा सेंटसुद्धा सोडला नाही बघा. त्या वेळी त्याच्या कॉलेजात विद्यार्थ्याच्या नुसत्या खोलीचे वर्षाचे भाडे ३० डॉलर होते. या हिशेबात जमीन नाही, रानातले लाकूड नाही, स्वतःची मजुरीही नाही. थोरो स्वतः हे लपवत नाही; त्याचे गोडवे गाणारे तेवढे विसरतात.

लोकांचा असा समज आहे, की हा कोणी अरण्यातला तपस्वी होता. तसे काही नव्हते. गाव दीड मैलावर, आणि तो वरचेवर गावात जाई. खोपीत खुर्च्या तीन होत्या, म्हणजे पाहुण्यांची सोय धरलेली होती. तिथे राहत असतानाच, १८४६ साली, कर न भरल्याबद्दल तो एक रात्र तुरुंगात काढून आला. त्यावर त्याने पुढे जो निबंध लिहिला, तो १९०७ साली गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत आपल्या 'इंडियन ओपिनियन'मधून वाचकांपुढे ठेवला. खोपीत बसलेला माणूस जगाला पाठमोरा होतोच असे नाही, याला एवढा दाखला पुरे.

पण ते न्यू इंग्लंड. तिथला शत्रू थंडी, म्हणून त्याने विटांची चूल आणि धुराडे बांधले. आमच्या कोकणात शत्रू दोन : पाऊस आणि वाळवी. हे दोन सांभाळले की बाकी सगळे हौसेचे काम.

मातीच्या भिंतीला डोक्यावर इरले आणि पायाखाली दगड लागतो. जोते दीड-दोन फूट तरी उंच घ्या, चिऱ्याचे किंवा काळ्या दगडाचे. छपराचे पाखे चांगले उतरते ठेवा आणि पागोळ्या भिंतीपासून अडीच-तीन हात लांब पडू द्या. भिंत भिजली नाही तर मातीचे घर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मेढी जमिनीत पुरायच्या असतील तर त्यांची टोके आधी जाळून काळी करावीत, वर डांबर फासावे. बांबू पावसाळा सरल्यावर तोडलेला घ्या. जुनी माणसे तो अंधाऱ्या पाखात तोडावा म्हणतात आणि वाहत्या पाण्यात पंधरा-वीस दिवस बुडवून ठेवतात. बांबूतला गोड अंश पाण्यात निघून गेला की भुंगा तिकडे फारसा फिरकत नाही. आता बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यातही बुडवतात, तेही चांगले.

भिंत कुडाची. कारव्या मिळाल्या तर उत्तम, पण त्या रानातून विचारल्याशिवाय आणू नका, वनखाते आहे. नाहीतर बांबूच्या कामट्या काथ्याने बांधा. माती पायांनी तुडवावी, तीत भाताचा पेंढा बारीक करून घालावा आणि चार-आठ दिवस ओली ठेवून मुरू द्यावी. घाई करणाऱ्याची भिंत तडकते. मातीचा लाडू करून वाळवून बघावा. भेगा पडल्या तर पेंढा किंवा वाळू वाढवा. मग दोन्ही बाजूंनी लिंपण, वरून शेणमातीचा हात. भुई चोपण्याने बडवून सारवली, की झाले.

'एवढं कशाला? चार पत्रे टाका, दोन दिवसांत काम!' असे सांगणारे भेटतील. पत्र्याला माझा विरोध नाही, तो गरिबाचा आधार आहे. पण दुपारी त्याखाली माणूस भाजतो आणि आषाढात तिथे फक्त पत्राच बोलतो. निवांतपणासाठीच बांधायचे, तर पेंढा किंवा कौले बरी. पेंढा दरवर्षी शाकारावा लागतो, हे मात्र धरून चाला. ग्रामपंचायतीत आधी विचारून घ्या आणि दिवाळीनंतर सुरुवात करा, म्हणजे मृगाच्या आत छप्पर होते.

मी निवृत्त झाल्यावर अशीच एक दहा फूट लांब-रुंद खोपी गावी उभारली. शेजारचे एक वृद्ध काका माती हातात घेऊन सांगत, मी तुडवीत असे. पहिले दोन आठवडे कंबर धरली, पण आयुष्यभर कागदावर सह्या केलेल्या हाताला, आपण काही केले ते डोळ्यांनी दिसते, हा अनुभव नवा होता. त्या वासनेची किंमत पैशात सांगता येत नाही.

खोपी पुरी झाली, त्या दिवशी आमच्या मंडळी आत आल्या, चारी बाजूंनी फिरून बघितले आणि म्हणाल्या, "अहो, छान झालीय. पण मला पस्तीस वर्षांत दार लोटून बसायला कधी मिळालं नाही, त्याचं काय?" मला उत्तर सुचेना. आपल्याकडे एकांत हवा असणारा माणूस म्हटला की डोळ्यांपुढे पुरुषच येतो. साधू, कवी, नाहीतर पेन्शनर! बाईचा एकांत म्हणजे विहिरीवर जाऊन येण्याचा रस्ता, आणि नळ आल्यावर तोही गेला.

आता दुपारी दोन ते चार खोपी तिची. त्या वेळी मी घरात असतो, चहा मी करतो, दारावर आलेल्याला मी उत्तर देतो. तिला पूर्वेकडे आणखी एक खिडकी हवी आहे. कुडाच्या भिंतीचे हे एक बरे असते, कोयत्याने हवी तिथे पाडता येते. पाऊस संपला की ते काम काढायचे आहे.